तारेची जाडी आणि परतीची वाट

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर ह्या टापूतील नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले, आणि टाळेबंदीमुळे आधीच माणसांपासून तुटलेली ही गावे कित्येक दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे, विजेपासूनही तुटली. पंप चालेना म्हणून विहिरीचे पाणी वर येईना, आणि शीतकपाटात ठेवलेली औषधे कोणाकडे न्यावीत हे कोणास कळेना. पुढल्याच वर्षी, मे महिन्यात, तौक्ते ह्याच किनाऱ्याला घासून उत्तरेस गेले. ह्या दोन वर्षांनंतर ज्याच्या गाठी चार पैसे होते त्याने जनरेटर घेतला. ज्याच्याजवळ नव्हते त्याने शेजाऱ्याच्या जनरेटरवरून एक वायर ओढून घेतली.

‘घरात आलेली यंत्रे’ हा विषय संपादकांनी ह्या अंकासाठी मुकरर केला तेव्हा माझ्या मनात प्रथम आला तो हा जनरेटर. परंतु त्याच्या घरघरीविषयी, त्याच्या पेट्रोलखर्चाविषयी लिहिण्यापेक्षा त्याच्या सांगाड्यापासून निघून मुकाट्याने जमिनीत शिरणाऱ्या एका तारेविषयी लिहावे असे मी ठरविले. ही तार किती जाड असावी, हा प्रश्न जनरेटर विकत घेणारा प्रत्येक गृहस्थ विचारतो, आणि वायरमन त्याला बहुधा आपल्या गुरूकडून ऐकलेला एक नंबर सांगून मोकळा होतो. तो नंबर कोठून आला, हे पाहावयास मी श्रीवर्धन तालुक्यातील एका बागायतदाराच्या घरी जाऊन राहिलो, कारण त्यांच्याकडे अर्थिंगचे काम नव्याने निघाले होते.

पडवीतून अंगणात

घर जुन्या घाटाचे: मंगलोरी कौले, जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे वाडी. पाच केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर पडवीच्या एका कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून ठेवलेला. ठेकेदार आला तो पन्नाशीचा, परवानाधारक, बरोबर दोन पोरे आणि एक हातोडा. आणि आल्याबरोबर त्याने अर्थिंगची गोष्टही न काढता यंत्र पडवीतून उचलून अंगणापलीकडच्या शेडमध्ये नेण्याची तजवीज केली. ह्या यंत्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि बंद पडवीत तो झोपलेल्या माणसाला उठूच देत नाही. यजमानांना ही हलवाहलव पसंत नव्हती, कारण शेडपर्यंत वायर वाढणार होती. तथापि ह्या एका मुद्द्यावर ठेकेदाराने काही ऐकून घेतले नाही.

“अर्थची तार जाड घालतोस ना?” यजमान म्हणाले. “मागल्या वेळी बारीक घातलीस. ह्या खेपेस तांब्याची पट्टीच घाल, मी पैसे देतो.”

“घालतो की काका. पण ती पट्टी काय काम करणार ते आधी तुम्हाला सांगतो, मग तुम्ही ठरवा,” ठेकेदार म्हणाला.

पैसे देण्यास तयार असलेल्या गिऱ्हाइकाला खर्चापासून परावृत्त करणारा कारागीर विरळा, आणि म्हणून मी जवळच्या बाकावर बसून राहिलो.

नंबरी तार

आपल्याकडे अर्थिंगच्या तारेचे मोजमाप अजूनही नंबरात चालते. “आठ नंबरची जीआय तार” असे म्हटले की दुकानदार वेटोळे पुढे टाकतो, आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांपैकी कोणालाही तिचा व्यास विचारावा लागत नाही. हा नंबर विलायती आहे. ब्रिटनमध्ये १८८४ सालापासून कायदेशीर ठरलेल्या तारमापाच्या श्रेणीतला. तार एकामागून एक छिद्रांतून ओढीत बारीक करीत नेण्याच्या धंद्यातून असे नंबर निपजले, म्हणून नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. आठ नंबरची तार सुमारे चार मिलिमीटर व्यासाची आणि जवळजवळ तेरा चौरस मिलिमीटर छेदाची भरते. चौदा नंबरची अवघी दोन मिलिमीटर व्यासाची. मानक संस्थेच्या पुस्तकात आता सर्वत्र चौरस मिलिमीटर आले असले, तरी श्रीवर्धनच्या बाजारात आठ नंबर तो आठ नंबरच.

येथे थोडे विषयांतर. २०२१ सालच्या फेब्रुवारीत टेक्सासात अभूतपूर्व थंडी पडून लक्षावधी घरांची वीज गेली, आणि ह्यूस्टनकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतही त्यानंतर जनरेटरची चर्चा सुरू झाली. तेथील विद्युत संहितेत ह्याच तारेसाठी कोष्टक आहे: शंभर अँपियरच्या ब्रेकरमागे त्यांच्या मापाची आठ नंबरची तांब्याची तार, दोनशेमागे सहा नंबरची, आणि जमिनीत ठोकलेल्या सळईकडे जाणारी तार, मग घर केवढेही असो, सहा नंबरपेक्षा जाड असण्याची जरुरी नाही. गंमत अशी की अमेरिकेचे सहा नंबर आणि आपल्याकडचे आठ नंबर ह्यांचा व्यास जवळजवळ सारखाच भरतो. त्यांची तार तांब्याची, आपली जस्त चढविलेल्या लोखंडाची, एवढाच फरक. पण सळईकडे जाणारी तार ‘ह्याहून जाड नको’ असे कायद्यानेच का म्हणावे, हा प्रश्न तिकडे आणि इकडे एकच आहे, आणि त्याचे उत्तर पुढे ह्याच अंगणात मिळाले.

वर्ग आणि मूळ

तारेची जाडी ठरते ती एका निखालस साध्या विचाराने. एखाद्या उपकरणातली फेजची वायर सुटून धातूच्या अंगाला टेकली, म्हणजे जो प्रवाह अर्थच्या तारेतून धावतो तो ब्रेकर पडेपर्यंत त्या तारेला तापवितो. इतक्या थोड्या अवधीत ती उष्णता बाहेर निसटू शकत नाही, सारी तारेतच साठते. म्हणून त्या अवधीत तार वितळू नये, तिच्यावरचे आवरण जळू नये, एवढा धातू तिच्या अंगी असला पाहिजे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि काळाच्या प्रमाणात वाढते. सबब दोषप्रवाहाला काळाच्या वर्गमुळाने गुणावे, आणि धातूच्या एका ठराविक अंकाने भागावे. येणारा भागाकार तो चौरस मिलिमीटरमध्ये तारेचा छेद. अर्थिंगविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. ३०४३ मध्ये, उघड्या तांब्यासाठी हा अंक २०५, ॲल्युमिनियमसाठी १२६ आणि लोखंडासाठी ८० धरतात. पीव्हीसीचे आवरण असलेल्या सुट्या तांब्याच्या वायरीला आवरणाची मर्यादा सांभाळावी लागते म्हणून तिचा अंक कमी; आपण १४३ धरू.

आता हा हिशेब यजमानांच्या जनरेटरला लावून पाहू. पाच केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे बावीस अँपियर. यंत्राच्या तोंडाशीच फेज अर्थला टेकली, तर पहिल्या काही आवर्तनांत ह्याच्या सात-आठपट, कदाचित दहापट, प्रवाह उसळतो. पण लहान अल्टरनेटर स्वतःच्याच व्होल्टेजवर स्वतःचे चुंबक पोसत असल्यामुळे व्होल्टेज कोसळले की चुंबकही मंदावते, आणि उसळी पाहता पाहता ओसरते. आपण उदार मनाने दोनशे अँपियर आणि पूर्ण एक सेकंद धरला, तरी दोनशेला १४३ ने भागल्यावर उत्तर येते १.४ चौरस मिलिमीटर. म्हणजे घरातल्या दिव्याला घालतो तेवढी दीड चौरसची वायर ह्या हिशेबाला पुरते! आठ नंबरच्या लोखंडी तारेचा हिशेब केला तर ती एक सेकंदपर्यंत हजार अँपियर सोसील. हा जनरेटर जन्मात तेवढे देणार नाही.

मग दीड चौरसच घालावी काय? नाही, आणि ह्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की सुटी ओढलेली, पाइपाचे संरक्षण नसलेली अर्थची तार कुदळीने, उंदराने किंवा नुसत्या ओढाताणीने तुटू नये म्हणून चार चौरस मिलिमीटर तांब्याहून बारीक असू नये असा दंडक आहे. शिवाय फेजची वायर सोळा चौरसपर्यंत असेल तर अर्थची तिच्याच मापाची, हा सोपा नियम कारागिराला हिशेबाच्या कटकटीतून सोडवितो. शेडपासून घरापर्यंत फेजला चार चौरस तांबे होते, अर्थलाही तेच. दुसरे कारण असे की घरातल्या वायरिंगला जी अर्थ आहे ती जनरेटरवर चालताना जशी तशी महावितरणच्या विजेवर चालतानाही तीच असते, आणि रोहित्र जवळ असलेल्या घरी ती वीज हजारांच्या हिशेबात प्रवाह देऊ शकते. दोन हजार अँपियर एक दशांश सेकंद वाहिले तर साडेचार चौरसच्या आसपास तांबे लागते. घरातल्या अर्थच्या तारेचे माप घ्यायचे ते ह्या दोन धन्यांपैकी थोरल्याकडे पाहून. अंगणातल्या धाकट्याचा मुलाहिजा राखण्याचे कारण नाही.

लोखंडी तारेच्या बाजूने आणि विरुद्धही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तापण्याच्या हिशेबात आठ नंबरची जीआय तार चार चौरस तांब्याला मागे टाकते, परंतु लोखंडाचा विरोध मोठा असल्यामुळे मीटरमागे ती तांब्याच्या सुमारे अडीचपट प्रवाहाला अडविते. आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तिचे जस्त काही वर्षांत उडून जाऊन आतल्या लोखंडाची पापुद्रे धरलेली काडी उरते. ठेकेदाराने जुन्या अर्थची तार उपसून दाखविली तेव्हा जमिनीलगतच्या वीतभर भागात तिची निम्मी जाडी नाहीशी झाली होती, वर आणि खाली मात्र ती शाबूत होती. गंज धरतो तो हवा आणि ओल जेथे भेटतात तेथे. तांबे टिकले असते. पण उघड्यावरचे तांबे ह्या भागात चोरीस जाते, हे यजमानांनी स्वतःच कबूल केले.

खड्ड्याची महती

अर्थिंगचा खड्डा ही आपल्याकडे जवळजवळ धार्मिक वस्तू आहे. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ ह्यांचे एकाआड एक थर, वर फनेल, त्यावर सिमेंटचे झाकण, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतण्याचा परिपाठ; वायरमन बदलले, घराचे धनी बदलले, तरी हा विधी बदलत नाही. हल्ली ‘केमिकल अर्थिंग’ ह्या नावाने बेन्टोनाइट मातीच्या पिशव्या विकल्या जातात, त्यांचाही उद्देश पाइपाभोवती ओल धरून ठेवण्याचाच.

ठेकेदाराने मेगर, म्हणजे खड्ड्याचा विरोध मोजण्याचे उपकरण, काढला. खड्ड्यातल्या पाइपाला एक वायर, वाडीत दूरवर ठोकलेल्या लोखंडी खुंटीला दुसरी, आणि मधल्या खुंटीला तिसरी; ही मधली खुंटी पाइपापासून दूरच्या खुंटीपर्यंतच्या अंतराच्या बासष्ट टक्क्यांवर यावी लागते, तरच वाचन खरे. एका पोराने दांडा फिरविला, काटा हलला, आणि चाळीस ओहमच्या आसपास थांबला. पाटाचे पाणी फिरणाऱ्या वाळवट वाडीत हा आकडा, मग डोंगरावरच्या कोरड्या जांभ्याच्या सड्यावर तो किती चढत असेल ते सांगावयास नको. हिशेबही हेच सांगतो. मातीची प्रतिरोधकता शंभर ओहम-मीटर धरली तर चाळीस मिलिमीटर व्यासाचा अडीच मीटर लांबीचा एकटा पाइप पस्तीस ओहम देतो. पाइपाची जाडी दुप्पट केली तर ह्यातला जेमतेम आठवा हिस्सा कमी होतो. लांबी दुप्पट केली तर आकडा विसाच्या घरात येतो.

आणि आता त्या पस्तीस ओहमांचा अर्थ पाहा. बिघडलेल्या उपकरणाचा प्रवाह जर केवळ ह्या खड्ड्यातून, मातीतून, परत जाणार असेल, तर २३० व्होल्टला पस्तीसने भागून साडेसहा अँपियर. बत्तीस अँपियरच्या ब्रेकरला ह्याची दादसुद्धा लागत नाही; त्याला झटकन पाडावयाचे तर त्याच्या प्रकाराप्रमाणे निदान शंभर, आणि बहुधा दीडशे-तीनशे अँपियर हवेत. खड्ड्याकडे जाणारी तार बोटाएवढी जाड केली, तांब्याची पट्टी केली, सोन्याची केली, तरी हा साडेसहाचा आकडा हलणार नाही.

“काका,” ठेकेदार म्हणाला, “पाट कितीही रुंद खणा, विहिरीला झरा बारीक असेल तर पाटातून बारीकच पाणी येणार.”

बागायतदाराला हे समजावयास वेळ लागला नाही. अमेरिकेच्या संहितेने सळईकडे जाणाऱ्या तारेला कमाल माप घातले ते ह्याच कारणाने: सळईतून मुळात जेवढा प्रवाह जाऊ शकतो त्याला तेवढी तार पुरून उरते.

वेगळा खड्डा, वेगळी अर्थ

ह्याहून घातक अशी एक समजूत ह्या टापूत मला जागोजाग आढळली, आणि ती शिकल्या-सवरल्या लोकांतही आहे: जनरेटरला अर्थ द्यावी, पण ती घराच्या अर्थपासून ‘वेगळी’ ठेवावी, एकमेकींना जोडू नये, नाहीतर जनरेटरचा बिघाड घरात येईल. वरकरणी हे शहाणपणाचे वाटते. वस्तुतः ह्यातून काय घडते ते पाहण्यासारखे आहे. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या खड्ड्याला, घरातला फ्रीज घराच्या खड्ड्याला, आणि दोहोंमध्ये केवळ माती. फ्रीजमधली फेज त्याच्या पत्र्याला टेकली की प्रवाह एका खड्ड्यातून उतरून दुसऱ्यातून वर चढतो; पस्तीस आणि पस्तीस मिळून सत्तर ओहम, म्हणजे सव्वातीन अँपियर. बावीस अँपियर देऊ शकणाऱ्या यंत्राला हा एखाद्या लहान इस्त्रीएवढा भार. ते निवांत चालत राहते. ब्रेकर पडत नाही, दिवे मंदावत नाहीत, आणि फ्रीजचे दार मात्र जमिनीच्या मानाने ११५ व्होल्टवर उभे राहते, ओल्या फरशीवर अनवाणी येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहत.

जनरेटरचा सांगाडा, त्याचा खड्डा आणि घरातली अर्थची पट्टी ही तिन्ही एकाच तांब्याच्या तारेने जोडली म्हणजे दोषप्रवाहाला मातीत उतरण्याचे कारणच उरत नाही. तो धातूतून धातूत, सरळ जनरेटरच्या न्यूट्रलपर्यंत परत जातो. जाडीचा जो हिशेब वर केला तो ह्या तारेचा. मी पाहिलेल्या घरांत पैसा बहुतेक खड्ड्यात जातो आणि ही जोडणारी तार बहुधा नसतेच, किंवा असते तर रंग न खरवडता सांगाड्याच्या कोणत्यातरी बोल्टाखाली दाबलेली असते. रंग हा उत्तम विरोधक आहे. ठेकेदाराने बोल्टाखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, कथिल चढविलेला लग दाबून बसविला. आणि शेवटचा हातभर तुकडा एकसंध तारेऐवजी बारीक धाग्यांच्या लवचिक वायरीचा ठेवला, कारण यंत्राच्या थरथरीने एकसंध तार काही महिन्यांत मानेतून तुटते आणि तुटलेली बाहेरून दिसत नाही.

दफ्तरातील नियम

कायदेकानू ह्या बाबतीत मुके नाहीत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी तीन फेजच्या जनित्राच्या सांगाड्याला आणि न्यूट्रलला जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या मुकरर केल्या होत्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या विनियमांतही अर्थिंगची ही दक्षता कायम आहे, आणि शासनाने ठरविलेल्या क्षमतेवरच्या संचाला विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते. दुकानातून टेम्पोत घालून आणलेले पाच केव्हीएचे यंत्र मात्र बहुधा कोणाच्याच दफ्तरात शिरत नाही. तपासणारा तोच, बसविणारा तोच.

बटणाची खात्री

उरला चेंजओव्हर, म्हणजे घर महावितरणच्या विजेवरून जनरेटरवर फिरविणारा स्विच. वादळानंतरच्या दिवसांत कित्येकांनी तो घेतलाच नव्हता. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटातून उलटी घरात घातली होती. मेन स्विच बंद करावयास विसरले की ती वीज मीटरमधून बाहेर पडते, रोहित्रात उलट चढून अकरा हजार व्होल्ट होते, आणि पडलेल्या खांबावर काम करणारा लाइनमन मेलेल्या लाइनीला हात लावतो ती मेलेली नसते. ह्या घरी दोन ध्रुवांचा चेंजओव्हर होता, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि हे योग्यच. परंतु त्याचा एक परिणाम असा की जनरेटरवर गेल्याक्षणी घराचा न्यूट्रल रोहित्राकडच्या अर्थपासून तुटतो, आणि लहान जनरेटरचा न्यूट्रल कारखान्यातून येतो तो सांगाड्याला न जोडलेला, अधांतरी. अशा वेळी परतीची वाटच नसते. मग अर्थची तार मनगटाएवढी असली तरी तिच्यातून काही वाहत नाही. एक उपकरण बिघडले तर काही होत नाही, हे खरे. दुसरे बिघडले की दोन्हींच्या पत्र्यांमध्ये पूर्ण व्होल्टेज उभे राहू शकते, आणि पहिल्याचा बिघाड तोवर कोणाच्या लक्षातही आलेला नसतो.

यजमान ह्यावर म्हणाले, आमच्याकडे आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा खटका, आहे, तीस मिलिअँपियरचा, आणि दर महिन्याला मी त्याचे बटण दाबून पाहतो. त्यांनी जनरेटर सुरू करवून बटण दाबून दाखविले, खटका पडला. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान रास्त होते.

ठेकेदाराने खटका पुन्हा चढविला, पंधरा वॉटचा दिवा होल्डरात घातला, त्याची एक वायर फेजला आणि दुसरी घराच्या अर्थला लावली. दिवा लागला नाही. खटकाही पडला नाही. बटण दाबल्यावर जो प्रवाह वाहतो तो पेटीच्या आतच, फेजकडून न्यूट्रलकडे, मोजणाऱ्या वेटोळ्याला बगल देऊन. त्याला अर्थ असली काय नि नसली काय. बटण फक्त खटक्याची परीक्षा घेते, वाटेची नव्हे.

मग यंत्र बंद करून त्याने जनरेटरच्या टर्मिनलवर न्यूट्रल आणि सांगाडा ह्यांच्यामध्ये चार चौरसची वीतभर वायर जोडली, आरसीसीबीच्या अलीकडे, आणि तेथे एकदाच; घरात दुसऱ्या कोठेही न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केली तर हेच उपकरण नाहक पडू लागते किंवा नको तेव्हा आंधळे होते. यंत्र पुन्हा सुरू झाले. ह्या खेपेस दिव्याची वायर अर्थला टेकते न टेकते तोच खटका पडला. साठेक मिलिअँपियर त्याला पुरे झाले. चाळीस ओहमच्या त्या खड्ड्याविषयी यजमानांनी पुन्हा विचारले तेव्हा ठेकेदाराने सांगितले की तीस मिलिअँपियरच्या ह्या खटक्याला, पत्र्यावर पन्नास व्होल्टपेक्षा जास्त चढू नये एवढीच अट धरली, तर खड्डा दीड हजार ओहमचा असला तरी चालतो. तुमचा चाळीसचा आहे, त्यात मीठ ओतू नका, पाइप गंजतो.

संध्याकाळी अंदाजपत्रकाचा खर्डा झाला. तांब्याच्या पट्टीवर काट मारली गेली. तिच्या जागी चार चौरसची हिरवी-पिवळी वायर, ती पुरण्यासाठी पीव्हीसी पाइप, लग, वॉशर, आणि जुन्या खड्ड्याला जमिनीलगत डांबरी पट्टी गुंडाळलेली नवी जीआय पट्टी, पंचवीस बाय तीनची. यजमानांनी कागद दोनदा वाचला, रक्कम अपेक्षेपेक्षा कमी पाहून थोडे साशंक झाले, आणि शेजारच्या घरी जी वायर आपल्या जनरेटरवरून गेली आहे तिला अर्थ आहे की नाही ते पाहून ये, असे एका पोराला सांगून त्यांनी त्याला कुंपणापलीकडे पाठविले. तिला नव्हती. खर्ड्याच्या तळाशी आणखी वीस मीटर चार चौरस वाढले.